तीन फोन, तिघांचे डोळे आणि एकच पिवळी स्क्रीन

पत्र थोडक्यात असं आहे (ओळख पटेल असे तपशील काढलेत):

वय 44. दिवसभर कॉम्प्युटरवर हिशोबाचं काम, संध्याकाळनंतर फोन. वर्षभरापासून दिवस मावळला की डोळे चुरचुरतात, कपाळ जड होतं. स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळे जातात असं वाचल्यावर यांनी घरातल्या तिन्ही फोनवर एकसारखं सेटिंग केलं: पिवळा फिल्टर चोवीस तास चालू, डार्क मोड आणि ब्राइटनेस जवळजवळ तळाला. एक फोन त्यांचा, एक वडिलांचा (वय 73, मोतीबिंदू सुरू झालाय, ऑपरेशन अजून नाही) आणि एक मुलाचा (वय 14). वडील रोज ते सगळं काढून टाकतात, म्हणतात "मला काही दिसत नाही". कुठला कॉल मिस झाला आणि कुठला घेतला हे त्यांना यादीत कळत नाही ही तक्रार तर जुनीच. मुलगा म्हणतो ग्राफमधल्या रेघा सारख्याच दिसतात, गेममध्ये आपली टीम कुठली तेही कळत नाही. पत्र लिहिणाऱ्या आईच्या मते ही फिल्टर काढायला लावायची निमित्तं. त्यांना स्वतःला फोन थोडा लांब धरला की बरं वाटतं, पण चुरचुर आहे तशीच. "मी सगळ्यांच्या डोळ्यांची काळजी घेतेय आणि घरात मीच वाईट ठरतेय. यांना कसं समजावू? आणि निळा प्रकाश अडवणारी काच पण लावून घेऊ का फोनवर?"

*

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, ठीक आहे, बाबांना आणि पोराला समजावायचे चार मुद्दे काढून देऊ. दुसऱ्यांदा वाचल्यावर मात्र वाटलं की अहो, बाबा बरोबर बोलतायत, आणि पोरगाही. राग मानू नका, तुम्ही केलंत ते मायेपोटीच केलंत, पण "मला दिसत नाहीये" असं एखादा माणूस म्हणतो तेव्हा त्या एका बाबतीत त्याच्याहून जास्त माहिती जगात कुणालाच नसते. डोळ्यांचे डॉक्टरसुद्धा नंबर काढताना भिंगं बदलत बदलत शेवटी हेच विचारतात ना, आत्ताचं बरं की मघाचं बरं म्हणून?

आधी त्या निळ्या प्रकाशाचं बघू, कारण सगळं तिथून सुरू झालंय. फोनमधून निळा प्रकाश येतो हे खरंच आहे. पण किती? भर उन्हात आपण उभे असतो तेव्हा प्रकाश असतो लाखभर लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), ढगाळ दिवशी बाहेर काही हजार, घरात दिवे लावल्यावर शंभर ते पाचशेच्या आसपास, आणि फोन तोंडासमोर धरल्यावर त्यातून डोळ्यापर्यंत पोचतात ते जेमतेम काही डझन लक्स. म्हणजे खिडकीतून आभाळ बघताना जितका निळा प्रकाश डोळ्यात जातो त्याच्यापुढे फोन कुठेच नाही. डोळ्याचा पडदा फोनमुळे खराब होतो असा भरवशाचा पुरावा नाही, अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची मोठी संघटना, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी, कॉम्प्युटरसाठी निळा प्रकाश अडवणारे चष्मे घ्या असं सांगत नाही, आणि 2023 मध्ये कोक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने अशा चष्म्यांवरच्या 17 चाचण्या पाहिल्या तेव्हा निष्कर्ष निघाला की डोळ्यांवरचा ताण कमी होण्यात, निदान थोड्या काळात तरी, साध्या काचेत आणि या काचेत बहुधा काही फरक पडत नाही.

मग डोळे चुरचुरतात ते काय खोटं? नाही हो, चुरचुर खरी आहे, फक्त आपलं आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालंय. आपली पापणी एरवी मिनिटाला साधारण 15 वेळा लवते, स्क्रीनकडे टक लावून बघताना ते प्रमाण 5 ते 7 वर येतं. पापणी लवली की डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो, नाही लवली की तो थर मध्ये मध्ये फाटतो, डोळा कोरडा पडतो आणि चुरचुरतो. वर पंखा किंवा एसी थेट तोंडावर असेल तर अजूनच. हे स्क्रीन पिवळी असो, निळी असो की जांभळी, होणारच, कारण रंगाचा त्यात संबंध नाही, तुम्ही आकड्यांच्या कॉलममध्ये किती बुडालात त्याचा आहे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघा हा नियम तुम्ही ऐकला असेलच, वीस-वीस-वीसमध्ये जादू काही नाही, लक्षात राहावं म्हणून आकडे जुळवलेत, पण त्या निमित्ताने मान वर होते, डोळ्याचे आतले स्नायू सैल होतात आणि पापण्या आपसूक चार वेळा जास्त लवतात. मी तर फोन खाली ठेवला की मुद्दाम पाच-सहा वेळा डोळे पूर्ण मिटून उघडतो, समोर कुणी असेल तर वेडाच दिसतो, पण बरं वाटतं.

दुसरी गोष्ट तुम्हीच लिहून गेलात आणि तुमच्या लक्षात आली नाही. "फोन थोडा लांब धरला की बरं वाटतं." वय 44. ताई, ही चाळिशी आहे. म्हणजे बहुधा आहे, तपासणी मी काही पत्रातून करू शकत नाही, पण चाळिशी ओलांडताना डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, जवळचं बघायला त्याला जोर लावावा लागतो, आणि दिवसभर जोर लावल्यावर संध्याकाळी कपाळ जड होतं. बरोबर तुम्ही सांगितलेल्याच वेळेला. त्यात तुम्ही ब्राइटनेस तळाला नेऊन ठेवलाय! कमी उजेडात बाहुली मोठी होते, बाहुली मोठी झाली की फोकस अजून ढिला पडतो, म्हणजे जी अडचण आहे ती आपणच वाढवून ठेवली. तेव्हा तुमच्यासाठी पहिलं सेटिंग फोनमध्ये नाही, डोळे तपासून जवळचा नंबर लागलाय का बघणं हे आहे. कॉम्प्युटर हातभर लांब असतो आणि फोन त्याहून जवळ, ही दोन्ही अंतरं मोजून जा आणि तिथे सांगा, कारण नुसतं "वाचायचा चष्मा" म्हटलं की साधारण पुस्तकाच्या अंतराचा नंबर देतात आणि मग कॉम्प्युटरसमोर माणूस मान वाकडी करून बसतो.

झोपेचं काय, असं तुम्ही विचाराल. तिथे निळ्या प्रकाशाचा थोडा संबंध आहे. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम चित्र बघणं नाही, दिवस आहे की रात्र ते मेंदूला कळवणं आहे, आणि त्या 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतात. त्यावरूनच हे पिवळे फिल्टर आले, आयफोनमध्ये नाइट शिफ्ट 2016 ला आलं आणि त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये नाइट लाइट. कल्पना चांगली आहे. पण 2021 मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या लोकांनी 18 ते 24 वयाच्या 167 जणांवर बघितलं, काहींनी झोपण्याआधी नाइट शिफ्ट लावून फोन वापरला, काहींनी न लावता, काहींनी फोन वापरलाच नाही, आणि एकूण हिशोबात तिन्ही गटांच्या झोपेत फरक सापडला नाही. म्हणून मी म्हणतो रात्री पिवळा रंग आवडत असेल तर खुशाल लावा, मलाही अंथरुणात तो मऊ वाटतो, पण त्याला औषध समजू नका आणि दिवसा दुपारी बारा वाजता तर मुळीच नको. वेळापत्रक लावायची सोय त्यात असतेच, सूर्यास्त ते सूर्योदय. चोवीस तास ठेवण्यात फायदा शून्य आणि तोटा आहे, आणि तो तोटा तुमच्या घरात नेमका दोघांना होतोय.

आता बाबांकडे येतो, कारण खरं तर मला या पत्रात त्यांच्याबद्दलच जास्त लिहायचंय.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, मोतीबिंदूत ते अजून पिवळं, काही वेळा तपकिरी होतं. बाहुलीही म्हातारपणी लहान राहते. सगळं मिळून साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो असं म्हणतात, आणि बाबा तर 73 चे आहेत. म्हणजे त्यांच्या डोळ्यात एक पिवळा फिल्टर आणि एक मंद करणारा पडदा निसर्गानेच बसवलेला आहे, चोवीस तास चालू, बंद करता न येणारा. त्यावर तुम्ही अजून एक पिवळा फिल्टर लावला आणि वर ब्राइटनेस कमी केला. त्यांना काही दिसत नाही तर काय नवल! मोने नावाचा तो फ्रेंच चित्रकार होता ना, त्याला मोतीबिंदू झाला तेव्हा त्याची चित्रं लालसर-तपकिरी होत गेली, रंग कुठला उचलतोय हे त्याला ट्यूबवरची नावं वाचून ठरवावं लागायचं, शेवटी 1923 मध्ये त्याचं ऑपरेशन झालं. बाबांच्या फोनवर रंगांना नावंही लिहिलेली नसतात.

ब्राइटनेस कमी म्हणजे डोळ्याला आराम, हे गृहीतकही जरा तपासूया. खोलीत दिवा लागलेला आहे. त्या दिव्याचं प्रतिबिंब फोनच्या काचेवर पडतं, ते स्क्रीनवरच्या काळ्यातही मिसळतं आणि पांढऱ्यातही. स्क्रीन पुरेशी उजळ असेल तर त्याने फारसं बिघडत नाही, पण स्क्रीनच मंद असेल तर काळं आणि पांढरं यातला फरकच पुसट होतो, आणि आपण अक्षरं वाचतो ती त्या फरकावर. वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी जे सुगम्यतेचे नियम आहेत त्यात साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान 4.5 ला 1 इतका कॉन्ट्रास्ट हवा म्हणतात, अन् त्याहून चांगला म्हणजे 7 ला 1. बिचाऱ्या डिझायनरने ते पाळलं तरी आपण उजेडात ब्राइटनेस तळाला नेऊन त्याचं सगळं मुसळ केरात घालतो.

योग्य ब्राइटनेस किती, याला आकडा नाही, पण एक सोपी पद्धत आहे. कोरा पांढरा कागद फोनच्या शेजारी धरा, स्क्रीनवर पांढरं पान उघडा. स्क्रीन दिव्यासारखी भगभगत असेल तर जास्त आहे, कागदापेक्षा मळकट दिसत असेल तर कमी आहे, दोन्ही साधारण सारखे दिसले की झालं. खोली बदलली की उत्तर बदलतं, म्हणून हे काम ऑटो ब्राइटनेसवर सोडलेलं बरं. लोक ते बंद करून टाकतात, कारण "आपोआप खाली-वर होतं", पण अँड्रॉइडमध्ये 2018 पासून, म्हणजे नववी आवृत्ती आल्यापासून, बऱ्याच फोनमध्ये ते तुमच्याकडून शिकतं. बंद न करता तुम्ही स्लायडर हवा तिथे सरकवत राहिलात की हळूहळू तुमची आवड त्याला कळते. आता गंमत अशी की तुम्ही बाबांच्या फोनवर सारखा स्लायडर खाली ओढलाय, म्हणजे तो फोन तुमची आवड शिकून बसला असणार! सेटिंगमध्ये ते शिकलेलं पुसायची सोय असते, शोधून पुसा आणि इथून पुढे स्लायडर त्यांच्याच बोटाने सरकू द्या. आयफोनमध्ये ऑटो ब्राइटनेस नेहमीच्या डिस्प्लेच्या पानावर सापडत नाही म्हणून लोक वैतागतात, ते अ‍ॅक्सेसिबिलिटीत "डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज"च्या अगदी तळाशी आहे. आणि एक, प्रकाश मोजणारा सेन्सर फोनच्या वरच्या भागात असतो, कव्हर किंवा स्क्रीन गार्ड त्याच्यावर आलं की फोनला वाटतं अंधारच आहे. शेजारच्याला दिसू नये म्हणून जे काळपट गार्ड लावतात ते तर स्क्रीनचा उजेड स्वतःच खातं, बाबांच्या फोनवर ते असेल तर आज काढा.

डार्क मोडचं उत्तर मात्र माणसागणिक वेगळं आहे. पांढऱ्यावर काळी अक्षरं असली की उजेडाने बाहुली आकसते, आणि छिद्र लहान झालं की डोळ्यातले बारीकसारीक फोकसचे दोष झाकले जातात, म्हणून बहुतेकांना जास्त मजकूर वाचायला उजळ पानच सोपं जातं. मला सिलिंड्रिकल नंबर आहे, डार्क मोडमध्ये पांढऱ्या अक्षरांना शेपट्या फुटल्यासारख्या दिसतात, दहा ओळींनंतर माझी सहनशक्ती संपते. आणि तरी मी तुम्हाला सांगतोय की बाबांना डार्क मोड कदाचित आवडेल, कारण मोतीबिंदूत भिंग धुरकट असतं, पांढऱ्या पानाचा सगळा उजेड त्यात विखुरतो आणि धुक्यात गाडीचे हेडलाइट लागावेत तसं होतं. काळ्या पार्श्वभूमीतून तेवढा उजेडच येत नाही. पण तो डार्क मोड पिवळ्या फिल्टरशिवाय, पुरेशा ब्राइटनेसवर आणि मोठ्या ठळक अक्षरात हवा. एक दिवस असा, एक दिवस तसा, एकच मजकूर वाचायला द्या आणि बाबांनाच विचारा. सगळीकडे नको असेल तर आयफोनमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत "पर-अ‍ॅप सेटिंग्ज" आहे, त्यात एकेका अ‍ॅपपुरतं अक्षर मोठं, कॉन्ट्रास्ट जास्त वगैरे करता येतं.

आणि अक्षर! रंगाच्या भानगडीत आपण हेच विसरतो. बाबांना सगळ्यात जास्त उपयोग कशाचा होणार असेल तर अक्षर मोठं आणि बोल्ड करण्याचा, माझ्या मते बाकी सगळ्याच्या आधी. अँड्रॉइड 14 पासून अक्षर 200 टक्क्यांपर्यंत वाढतं आणि आधीच मोठी असलेली शीर्षकं त्या प्रमाणात वाढत नाहीत, त्यामुळे पान फार विस्कटत नाही. आयफोनमध्ये "लार्जर टेक्स्ट", "बोल्ड टेक्स्ट", "इन्क्रीज कॉन्ट्रास्ट", मागचं धूसर चित्र घालवणारं "रिड्यूस ट्रान्स्परन्सी", ही सगळी एकाच पानावर आहेत. होम स्क्रीनवर नातवाचा फोटो लावलाय का? असू दे, लॉक स्क्रीनवर ठेवा, पण आयकॉनच्या मागे साधा एकरंगी वॉलपेपर टाका, नावं लगेच उठून दिसतील.

आता ज्या गोष्टीसाठी मी पत्र दुसऱ्यांदा वाचलं ती. बाबांना कॉलच्या यादीतला फरक कळत नाही, आणि ही तक्रार "जुनी" आहे असं तुम्ही लिहिलंय. बऱ्याच फोनमध्ये मिस झालेला कॉल लाल आणि बाकीचे हिरवे किंवा राखाडी असतात. मुलाला ग्राफच्या रेघा आणि टीमचे रंग कळत नाहीत. आजोबा आणि मुलीचा मुलगा. लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा घराण्यात अगदी याच वाटेने उतरतो: आजोबांकडून मुलीकडे, मुलीला स्वतःला सहसा काही जाणवत नाही कारण तिच्याकडे दुसरं चांगलं एक्स गुणसूत्र असतं, आणि तिच्या मुलाकडे जायची शक्यता निम्मी. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण 12 पैकी एकाला हा असतो आणि बायकांत 200 पैकी एकीला, इतर ठिकाणी प्रमाण थोडं कमी, पण दुर्मीळ नाही. मी असं म्हणत नाही की दोघांना तो आहेच. बाबांचा घोळ नुसत्या मोतीबिंदूनेही असू शकतो, त्यात निळे-जांभळे रंग काळपट होतात. म्हणून बाबांना विचारा की तरुणपणी कपड्यांचे रंग चुकायचे का, पेन्सिली चुकायच्या का, कुणी त्यावरून चिडवायचं का. जन्मजात असेल तर आयुष्यभराचे किस्से निघतील. अलीकडेच सुरू झालं असेल, किंवा एका डोळ्याने रंग वेगळा आणि दुसऱ्याने वेगळा दिसत असेल, तर मात्र डॉक्टरला सांगायलाच हवं, कारण रंग नव्याने फिके पडणं हे पडद्याच्या किंवा डोळ्यामागच्या नसेच्या आजाराचंही लक्षण असू शकतं.

मुलाचं निदान करायला फार काही लागत नाही. ठिपक्यांत आकडे लपवलेली इशिहारा यांची चित्रं 1917 पासून वापरात आहेत, डोळ्यांच्या कुठल्याही दवाखान्यात असतात. मोबाइलवर बघून ठरवू नका, स्क्रीनचे रंग कसे आहेत यावर निकाल बदलतो, त्यात तुमच्या घरी तर पिवळा फिल्टर!

आणि इथेच त्या फिल्टरचा खरा घोळ आहे. ज्याला लाल-हिरवं नीट वेगळं करता येत नाही त्याच्याकडे रंग ओळखायला मुख्य आधार उरतो निळा विरुद्ध पिवळा हा. पिवळा फिल्टर काय करतो? निळा काढून घेतो. म्हणजे पोराच्या हातात जी एक काठी होती तीच आपण काढून घेतली आणि वर म्हणतोय निमित्तं सांगतोस. तुम्हाला ठाऊक नव्हतं, त्यालाही ठाऊक नव्हतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. जॉन डाल्टन, तोच अणुवाला, त्याने 1794 मध्ये स्वतःच्या रंगांधळेपणावर निबंध वाचला आणि त्याचा समज असा की आपल्या डोळ्यातलं पाणीच निळसर आहे, म्हणजे डोळ्यात रंगीत काच बसल्यासारखी. त्याच्या मृत्यूनंतर, 1844 मध्ये, डोळा उघडून बघितला तर पाणी स्वच्छ निघालं, आणि डीएनए तपासून खरं कारण कळायला 1995 उजाडलं. त्याच्या भावालाही तसंच दिसायचं. एवढा मोठा शास्त्रज्ञ स्वतःच्या डोळ्याबद्दल चुकला तर चौदा वर्षांच्या मुलाने "रेघा सारख्या दिसतात" यापेक्षा वेगळं काय सांगायचं?

तर पिवळा फिल्टर त्याच्या फोनवर निदान दिवसा पूर्ण बंद. मग अँड्रॉइडमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत "कलर करेक्शन" आणि आयफोनमध्ये त्याच "डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज"मध्ये "कलर फिल्टर्स" उघडा. दोन-तीन पर्याय दिसतील, हिरवा कमी दिसणाऱ्यांसाठी एक, लाल कमी दिसणाऱ्यांसाठी एक, निळ्या-पिवळ्यासाठी एक. नावं वाचून निवडू नका, वर नमुन्याचे रंग दिसतात, आयफोनमध्ये रंगीत पेन्सिलींचं चित्र आहे, ते मुलालाच बघू दे आणि शेजारशेजारचे रंग ज्यात जास्त वेगळे दिसतील तो त्यालाच निवडू दे. आयफोनमध्ये तीव्रता कमी-जास्त करायची पट्टी पण मिळते, पहिल्याच दिवशी पूर्ण टोकाला नेऊ नका. हे चष्म्यासारखं नाही बरं का, याने लाल रंग "जसा आहे तसा" दिसायला लागत नाही, एकमेकांत मिसळणारे रंग फोन थोडे इकडेतिकडे सरकवतो एवढंच, त्यामुळे तुम्हाला त्याचा फोन विचित्र दिसेल. तुमच्यासाठी नाहीये तो. स्क्रीनशॉट काढून तपासायला जाल तर त्यात फिल्टर उतरतच नाही, नाइट लाइटचंही तेच, म्हणून "स्क्रीनशॉटमध्ये तर नीट दिसतंय" हा पुरावा धरू नका. गेममध्ये स्वतःचं रंगांधळेपणाचं सेटिंग असलं तर तेच वापरा, ते नेमके टीमचे रंग बदलतं आणि बाकी चित्र तसंच ठेवतं. ग्राफसाठी शिक्षकांना एकदा सांगा, तुटक रेघ, ठिपक्यांची रेघ, टोकाला नाव, एवढं केलं की वर्गातल्या इतरांनाही सोपं जातं.

बाबांच्या कॉलच्या यादीला मात्र माझा उपाय साधा आहे, रंग सोडा आणि बाणाची दिशा व "मिस्ड" अशी वेगळी यादी बघायला शिकवा. आयफोन असेल तर "डिफरन्शिएट विदाउट कलर" आणि "ऑन/ऑफ लेबल्स" चालू करा, बटण चालू की बंद हे हिरव्यावरून न कळता खुणेवरून कळतं.

हे वारंवार चालू-बंद करावं लागेल म्हणून शॉर्टकट आहेत. आयफोनमध्ये बाजूचं बटण तीनदा दाबलं की, आणि बऱ्याच अँड्रॉइडमध्ये आवाजाची दोन्ही बटणं एकत्र काही सेकंद धरली की, तुम्ही ठरवून दिलेला फिल्टर चालू-बंद होतो. बाबांना हे नक्की सांगून ठेवा, नाहीतर फोन हातात धरताना चुकून दाबला जातो, सगळी स्क्रीन उलट्या रंगाची किंवा राखाडी होते आणि माणूस घाबरून फोन बंद करून ठेवतो.

तुमच्या स्वतःच्या फोनबद्दल अजून एक राहिलं. रात्री अंधारात तळाच्या ब्राइटनेसला डोकं दुखत असेल आणि दिवसा तोच फोन त्रास देत नसेल तर कारण वेगळंही असू शकतं. ओएलईडी स्क्रीन (जिचा एकेक ठिपका स्वतः उजळतो ती) मंद करताना बरेच फोन उजेड खरोखर कमी करत नाहीत, सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात, बंद काळ जास्त ठेवतात म्हणून आपल्याला मंद वाटतं. बहुतेकांना कळतही नाही, काहींना त्याने डोकेदुखी होते. उपाय असा करून बघा: ब्राइटनेस मधल्या पातळीच्या जरा वरच ठेवा, तळाला नको, आणि वरून अँड्रॉइड 12 पासूनचं "एक्स्ट्रा डिम" किंवा आयफोनमधलं "रिड्यूस व्हाइट पॉइंट" लावा. ते उघडझाप न वाढवता रंगच गडद करतात. आठवडाभर करून बघा, फरक पडला तर कारण सापडलं, नाही पडला तर ते काढून टाका. आणि अंधारात बघण्यापेक्षा मागे एक छोटा दिवा लावा, सगळ्यात स्वस्त सेटिंग तेच आहे.

डोळा लाल होऊन खूप दुखणं, अचानक चमका किंवा काळे ठिपके दिसणं, दिव्याभोवती कडी दिसणं, एकाचे दोन दिसणं, यातलं काही झालं तर सेटिंग शोधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता "कसं समजावू" हा तुमचा प्रश्न. मी तुमच्या जागी असतो तर आज संध्याकाळी तिन्ही फोनवरचं सगळं काढून मूळ सेटिंगवर आणलं असतं, आणि आजोबा-नातवाला शेजारी बसवून त्या रंगीत पेन्सिली दोघांना एकत्र दाखवल्या असत्या. दोघांचे फोन दोघांच्या हातात, तुम्ही फक्त विचारायचं, यातल्या कुठल्या दोन सारख्या दिसतात? दोघांनी एकाच जोडीवर बोट ठेवलं तर पुढच्या तपासणीला दोघांना एकत्रच घेऊन जा.

आणि ती निळा प्रकाश अडवणारी काच. नका लावू. फिल्टर निदान बंद तरी करता येतो, काच चिकटवली की बाबा ती रोज काढणार कशी?